रिकामे खिळे

रेगेन्सबर्ग, बुधवार

प्रिय प्रताप,

गाव सोडून आलेल्या तुझ्यामाझ्यासारख्यांची एक तक्रार कायमची: आपलं तिकडे कुणी जपत नाही. ही तक्रार घेऊन मी जर्मनीभर भाषणं ठोकली. फोनवरही माझं भाषणच होतं म्हणून तू फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र, एक्सप्रेसनं. उद्या, गुरुवारी, आखनला तुझ्याकडे पोचेल. तू शांतपणे वाच. मी शांत नाहीये.

माझ्या कारखान्यातली राद्का गेल्या आठवड्यात मला बल्गेरियात, तिच्या गावी घेऊन गेली. तिचे काका स्टोयान तिथल्या जुन्या शाळेच्या एका खोलीत संग्रहालय सांभाळतात. हिवाळा पळवून लावायला गावकरी घालतात ते मुखवटे, बकऱ्याच्या केसांचे अंगरखे, कमरेच्या घंटा. मी हौसेनं आत शिरले, तर भिंतीवर नुसते खिळे आणि खाली नावांच्या चिठ्ठ्या! चोरी झाली की काय, म्हणून घाबरलेच. राद्का हसत सुटली. म्हणाली, अगं, आज सोंगांचा दिवस. आज एक जरी मुखवटा इथे सापडला तर गाव काकांना हाकलून देईल. बाहेर घंटांनी जमीन हादरत होती. एकाचं शिंग मोडलं. काकांनी तिथल्या तिथे तारेनं बांधलं आणि त्याला पाठीत धपाटा घालून पुन्हा नाचायला पिटाळलं. मी विचारलं, अशानं मुखवटे झिजतात ना हो? ते म्हणाले, दोन हिवाळे खिळ्यावर राहिला की कसर लागते. आत माणूस असला की नाही लागत.

तेव्हापासून डोळ्यांपुढे बाबा आहेत. गावच्या बोहाड्यात रात्रभर देवांची सोंगं नाचायची, त्यात आपल्या घराचं सोंग नरसिंहाचं. मुखवटा उतरवला की आतला कागद त्यांच्या घामानं ओला असायचा. ते गेले आणि तू तो मुखवटा आखनला आणलास. गेल्या चैत्रात गावाहून काकूचा फोन आला: आपल्या सोंगाची पाळी आली, संबळ वाजत राहिला, कुणी आलंच नाही. मला हे सांगताना तू रडलास. आणि मी काय म्हणाले? गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणूनच तो बर्लिनच्या संग्रहालयाला द्यायचा! काचेत, मोजक्या तापमानात, घामापासून लांब. म्युनिकच्या सभेत तुला उभं केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू मान डोलावलीस ती त्या टाळ्यांपुढे. तेव्हाच कळलं होतं मला, पण वळून पाहिलं नाही.

परवा, शुक्रवारी सकाळी त्यांची गाडी तुझ्या दारात येईल. दानपत्रावर माझीही सही आहे. मी चुकले, प्रताप. भर सभेत चुकले, भर सभेत कबूल करीन. बर्लिनला मेल केली. ते म्हणतात, मुखवटा ज्याच्या घरी आहे त्यानंच कळवावं, गाडी निघेपर्यंत वेळ आहे. तेव्हा हे पत्र खाली ठेव आणि गुरुवारीच, पाचच्या आत त्यांना फोन कर. सांग, मुखवटा देत नाही, गाडी पाठवू नका.

तुझीच,
कांताताई