शेठना दत्तूच हवा होता

गुरुवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. उल्हासनगरच्या जीन्सवाल्या शेठकडे गेलो होतो. चार वर्षं त्यांचा माल माझ्याच टेम्पोतून जायचा, आता बंद झालाय. तो परत मिळावा म्हणून रंगीत पत्रक छापून घेतलं. जीपीएस, विमा, चोवीस तास सेवा, सगळं त्यात. शेठ पत्रकाकडे बघतच नव्हते, खाली बघत होते. म्हणाले, "दत्तू है क्या तुम्हारे पास?"

दत्तू माझा ड्रायव्हर होता, शेठचा माल तोच न्यायचा. जीन्सच्या गठ्ठ्यांवर चढायच्या आधी तो चपला काढून खाली ठेवायचा, मग वर जाऊन दोऱ्या आवळायचा. त्यात वेळ जातो म्हणून मीच त्याला सगळ्यांसमोर झापलं. "देवळात चाललायस काय रे?" दुसऱ्याच दिवशी तो अंबरनाथच्या दुसऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे लागला. शेठचा मालही त्याच्या मागोमाग गेला.

"उसकी गाडी आती है तो मी माल बघायला खाली पण उतरत नाही," शेठ म्हणाले.

म्हणजे चार वर्षं धंदा टिकवला कोणी? मी, की त्या काढून ठेवलेल्या चपलांनी? आणि मी मूर्ख, पत्रकाचा कागद जाड घ्यावा की पातळ यावर आठवडा घालवला!

बदलापूरला घरी येऊन बूट काढायला वाकलो आणि एकदम आठवलं. पत्रक द्यायला मी शेठच्या गोदामातल्या गठ्ठ्यावर बुटासकट पाय देऊन पलीकडे गेलो होतो.

शेठ तिथेच बघत होते.