शंभरातल्या बासष्ट

सोमवार, ३

नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. रुग्णालयाची लॅब उजेडाची आहे, मायक्रोस्कोपच्या भिंगावर बोटाचा एक ठसा नाही, रंगांच्या बाटल्यांवर उघडल्याच्या तारखा आहेत. पांढऱ्या पेशी मशीन मोजतं, पण मशीनला शंका आली की स्लाइड माझ्यापुढे येते. मला पदवी नाही. तेवीस वर्षं भिंगाला डोळा लावून शिकलो. वॉर्डातली सिस्टर पहिल्याच भेटीत मला 'काका' म्हणाली. 'सर' म्हणायला जीभ झिजली असती? बायकोला फोनवर सांगितलं, तर म्हणते, टक्कल बघून आजोबा नाही म्हणाली हेच पुष्कळ.

बुधवार, ५

सात नंबरच्या बाळंतिणीचं रक्त आलं. तिला ताप आहे. शंभर पांढऱ्या पेशी मोजल्या, त्यात बासष्ट बिघडलेल्या. पेशी फुगलेल्या, आत गोल भोकं, दाणे जाड आणि गडद जांभळे. कित्येकींचं केंद्रक नुसतं घोड्याच्या नालेसारखं वाकलेलं, म्हणजे पिकायच्या आधीच लढाईवर धाडलेल्या. रक्त नळीत फार वेळ पडून राहिलं तरी भोकं पडतात, हे कुणी न शिकवता मला कळलेलं. मोठ्या झोकात शेरा मारला: शिळा नमुना, पुन्हा पाठवा.

सिस्टर तणतणत आली. काका, शिळी व्हायला ही भाजी आहे का, म्हणाली. आत्ता काढलंय, नळी हातात घेऊन बघा, कोमट लागेल. मी घेतली नाही. कालची पोर मला शिकवतेय, असं वाटलं.

गुरुवार, ६

दुसरा नमुना येईपर्यंत पाच तास गेले, तोवर औषध थांबलं. आज सकाळी बाळंतीण गेली. बाळ चार दिवसांचं आहे.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, पहिलं रक्त उशिरा आणलं होतं का. मी हो म्हणालो. एवढंच. सिस्टरला घरी बसवलंय, सोमवारी चौकशी. नोकरी जाणार तिची.

पडून राहिलेल्या रक्तात भोकं पडतात. दाणे असे जाड होत नाहीत, ते अंगात जंतू भिनल्यावरच होतात. हे मला बुधवारीही माहीत होतं.

शुक्रवार, ७

बुधवारची ती स्लाइड पुन्हा लावली. चौकशीत मोठे डॉक्टर ती बघणार, दाणे दिसणार, मी उघडा पडणार. मोजलं. बिघडलेल्या पेशी एकेचाळीस.

पुन्हा मोजलं. एकेचाळीसच. स्लाइडवरच्या पेशी मेलेल्या असतात, काचेला घट्ट चिकटवलेल्या. त्या बऱ्या होत नाहीत.

नजर तपासावी म्हणून स्वतःचं बोट टोचून ताजी स्लाइड केली. माझ्या रक्तात बिघडलेल्या एकवीस.

शनिवार, ८

तिच्या एकोणीस. माझ्या त्रेचाळीस. बेरीज करायला नको होती.

अंग मोडून आलंय. आणि तरी — लिहायची लाज वाटते — एकोणीस आकडा बघून आधी हायसं वाटलं. सोमवारपर्यंत स्लाइड साफ होईल. दाणेच उरले नाहीत तर माझं खोटं पकडणार कोण. आणि सिस्टर —

रविवार, ९

तिच्या शून्य. पुस्तकात छापाव्यात अशा देखण्या पेशी. मेलेल्या बाईच्या.

माझ्या बासष्ट.

दात वाजतायत. बायको फोनवर ओरडली, आधी डॉक्टरला दाखवा. दाखवलं तर बरा होईन. बरा झालो तर पुरावा —

सोमवार, १०

अकराला चौकशी. स्लाइड माझ्याविरुद्ध काही बोलणार नाही. सिस्टरच्या बाजूचं जे काही उरलंय ते माझ्या नसांत.

तिला फोन केला. म्हटलं, ये, मोठ्या डॉक्टरांसमोर तुझ्या हातानं माझं रक्त काढ, लगेच काचेवर घे. ती म्हणाली, काका, आवाज असा का येतोय, बसून राहा, मी रिक्षा करून निघाले. माझ्यासाठी धावत येतेय. माझ्यासाठी —

साडेदहा. बोटं निळी. जीभ वळत नाही. ती येईस्तोवर —

वही उघडी ठेवतो. मोठे डॉक्टर, वाचा. बुधवारचं रक्त ताजं होतं. दाणे मला दिसले होते. उशीर तिनं नाही केला, तो मी —