गॅरेजची शाळा फरारीच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय गणित शिकवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. म्हणजे आणणारे पुष्कळ होते, पण मी त्यांच्यातल्या एकाचेही ऐकलेले नाही, आणि हे आमच्या उभ्या गल्लीला ठाऊक आहे.

१. माझ्या शुद्धीबद्दल. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी काल मला रीतसर तपासले. आज वार कोणता, आपण कुठे बसलो आहोत, हे विचारून झाल्यावर त्यांनी शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी वजा करत शून्याच्या खाली उतरले आणि तरी थांबेना, तेव्हा त्यांनीच हात जोडले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे गुडघे गेले आहेत, डाव्या कानाने कमी ऐकू येते आणि हृदयाची तक्रार चालू आहे. घर कोणाला द्यायचे हे मात्र मी या तिघांना विचारून ठरवलेले नाही.

२. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्याचे कारण सांगणे भाग आहे, कारण त्यावरून वकीलसाहेब मला अजून हसतात.

आमच्या शाळेत जी मुले येतात ती चौदा-पंधरा वर्षांची असतात आणि त्यांच्याआधी त्यांची फाइल येते. ‘वर्तन असमाधानकारक.’ ‘इतरांना बिघडवते.’ ‘पालकांना तीनदा समज दिली.’ हे सगळे त्या मुलांच्या पाठीमागे लिहिलेले असते. म्हणून आमच्याकडे रिवाज असा, की मुलाबद्दल कागदावर काहीही लिहायचे असेल तर ते त्याने आधी वाचायचे. मग खाली सही करायची, आणि पटले नसेल तर का पटले नाही हे सहीशेजारी लिहायचे. ही सवय माझ्या हाडीमांसी इतकी खिळली, की पहिले मृत्युपत्र लिहिले तेव्हा मी ते मोठ्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवले आणि ज्या मुलीला घर देत होते तिची, आणि त्या वर्षीच्या सगळ्या मुलांची, साक्षीदार म्हणून सही घेतली. पान भरून गेले. मला फार अभिमान वाटला.

वकीलसाहेबांनी तो कागद पाहून चष्मा काढला. म्हणाले, “बाई, जिला मिळकत द्यायची तिलाच कोणी साक्षीदार करतं का? आणि ही बाकीची तर सज्ञानही नाहीत. हा कागद फाडायला कोणाला कष्टच घ्यावे लागणार नाहीत.”

तेव्हा हे दुसरे मृत्युपत्र. यावर साक्षीदार दोनच आणि दोघेही असे, की ज्यांना यातून काडीही मिळत नाही.

३. ही शाळा कशी झाली हे कोर्टाला माहीत असावे, म्हणून लिहिते. चौकातल्या मोठ्या शाळेत मी बावीस वर्षे गणित शिकवले. त्या शाळेच्या फाटकावर पाटी आहे: दहावीचा निकाल शंभर टक्के. तो शंभर टक्के कसा लागतो हे सांगते. परीक्षेच्या चार महिने आधी मुख्याध्यापक कच्च्या मुलांच्या आईबापांना बोलावतात, चहा देतात आणि म्हणतात, “तुमच्या लेकराच्या भल्यासाठीच सांगतो, आत्ताच दाखला काढून घ्या.” हे काम त्यांनी एका वर्षी माझ्याकडे दिले. चहा त्यांचा, बोलायचे मी. मी म्हटले, “सर, पोरं काढायचीच असतील तर तुम्ही काढा. मी गणिताची बाई आहे, मला माहीत आहे की खालची संख्या कमी केली की टक्के वाढतात. त्याला निकाल म्हणत नाहीत.” त्यांनी मला विचार करायला दोन दिवस दिले. मी तेवढे घेतले नाहीत.

माझ्या यजमानांचे मोटारी दुरुस्त करण्याचे गॅरेज होते. संध्याकाळी त्यांना म्हटले, मागची अर्धी जागा हवी. ते गाडीखाली होते. तिथूनच म्हणाले, “किती पोरं?” म्हटले, नऊ. म्हणाले, “मग पुढचीच घे, मागे उजेड नाही.” त्यांच्याबद्दल मला एवढेच सांगायचे आहे. ते गेल्याला आठ वर्षे झाली आणि मला त्यांची रोज आठवण येते.

४. राहते घर आणि त्याखालचे गॅरेज, जे यजमानांनी स्वकमाईने बांधले आणि त्यांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावे आहे, ते मी फरारीला देते. तिचे सरकारी नाव आणि ओळखपत्र सोबतच्या पुरवणीत आहे. फरारी हे नाव तिला मुलांनी दिले आणि तिने ते आनंदाने लावून घेतले.

ती कोण, हे सांगते. मोठ्या शाळेतून ती काढलेली, वसतिगृहातून पळालेली, मामाच्या घरून पळालेली आणि आमच्याकडूनही पळालेली. परत यायची तेव्हा दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघायची. आमच्याकडे ‘इतके दिवस कुठे होतीस’ हा प्रश्न विचारत नाहीत. मी म्हणायचे, “बस, आपण वर्गसमीकरणांवर आहोत.” बसायची. दहावी तिसऱ्या खेपेला पास झाली, बारावी पहिल्या खेपेला. मग पदवी, मग शिक्षणशास्त्र. आज सहा वर्षे तीच शाळा चालवते आणि मी खुर्चीत बसून चुका काढते. परीक्षेच्या दिवशी जे पोर येत नाही त्याच्या घरी जाऊन ती त्याला अंथरुणातून उठवते आणि स्कूटरवर मागे बसवून केंद्रावर सोडते. पळणाऱ्याची वाट तिला बरोबर कळते.

या मिळकतीवर एकही अट नाही. ‘शाळा चालवली तरच’, ‘लग्न केले नाही तरच’, असले काही नाही. वकीलसाहेबांनी आग्रह केला, मी नकार दिला. जिला जन्मभर सगळ्यांनी अटींवर ठेवून घेतले, तिला मीही तसेच द्यायचे असेल तर मग मी मुख्याध्यापकांच्या शाळेतच राहिले असते.

५. शाळेतल्या वस्तू शाळेतच राहतील. त्यातल्या काहींवर लोकांचा डोळा आहे आणि काहींवर राग, म्हणून वेगळे लिहिते.

कोपऱ्यातला पाळणा तिथून काढू नये. सतरा वर्षांच्या आईला बीजगणित येते, फक्त तिचे दोन्ही हात मोकळे हवेत. पाळणा हलवायला वर्गात नेहमी कोणीतरी रिकामे असते, बहुतेक ज्याने गृहपाठ केलेला नसतो तो.

खिडकीखालचा लांब बाक झोपण्यासाठी आहे. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारी, बाजारात माल उतरवणारी मुले पहिल्या तासाला तिथे झोपतात. शाळा दुपारी बारापर्यंत भरत नाही तीही त्यांच्यासाठीच. तपासणीला आलेल्या साहेबांनी नाक मुरडले होते. त्यांना सांगावे की घोरण्याचा आवाज आला तरी भूमिती होते.

भिंतीवरचे जुने इंची पाने, अर्ध्यापासून एक इंचापर्यंतचे, तिथेच टांगलेले असावेत. अपूर्णांकांना घाबरणारे पोर आले की त्याला एक नट द्यायचा. अर्ध्याचा पाना बसत नाही, पाच अष्टमांशाचा सैल होतो, मग नऊ सोळांशाचा बसतो. एकदा हाताला कळले की फळ्यावर फार वेळ लागत नाही.

६. मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक आता त्यांच्या संस्थेचे अध्यक्ष झाले आहेत. गेल्या वर्षी त्यांनी निरोप पाठवला, की संस्था आमची शाळा ‘दत्तक’ घेईल. नवी इमारत, पगार, बाके, सगळे देईल. मुलांनी फक्त चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणायचा. ज्यांच्याजवळ तो नाही अशांसाठी काढलेल्या शाळेत शिरायला तो दाखला! मी हसले, आणि निरोप आणणाऱ्या शिपायाला पाणी देऊन परत पाठवले.

अध्यक्षांना मी आमच्या मागच्या बाकावरची एक जागा देते, एका दिवसापुरती. बारा वाजता यावे, दाखला आणू नये, कोणाला उपदेश करू नये. फळ्यावरचे गणित सोडवून दाखवल्याशिवाय जाऊ नये. अडले तर शेजारचे पोर सांगेल, ते भले आहे.

७. माझ्या मुलाबद्दल.

तो विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, दुसऱ्या गावी राहतो, दर रविवारी फोन करतो. मोठ्या शाळेच्या भिंतीवरल्या गुणवंतांच्या फलकावर त्याचे नाव सोनेरी अक्षरांत आहे. घर त्याला न देण्यात माझा राग नाही. तो वाईट आहे म्हणूनही नाही.

या घरावरून आमचे कडाक्याचे भांडण झाले. त्याचे म्हणणे, अध्यक्षांचा प्रस्ताव घ्यावा. “आई, एका माणसाच्या जिवावर चाललेली शाळा त्या माणसाबरोबर जाते. संस्था टिकते. तू गेल्यावर ती मुलगी एकटी काय करणार? आणि पळाली तर?”

मी म्हटले, “पळाली तर परत येईल. तुझी संस्था एकदा काढलेल्या पोराला परत घेते का, ते विचारून ये.”

तो म्हणाला, “तुझ्या शाळेत यायचं तर मला नापास व्हायला हवं होतं. रोज संध्याकाळी खालून हसण्याचे आवाज यायचे आणि मी वर एकटा अभ्यास करायचो.”

हे खरे आहे. पण त्यावरून मी घराचा निर्णय फिरवणार नाही. त्याच्या डोक्यावर छप्पर आहे. आणि ज्या पोरांना दुसरीकडे कुठलेच दार उघडत नाही, त्यांच्यासाठी हे एकच आहे.

यजमानांची हत्यारांची लाल पेटी मी मुलाला देते. लहानपणी तो तिच्यावर बसून जेवायचा.

८. मी गेल्यावर शाळेला सुट्टी देऊ नये. परीक्षा जवळ आली असेल तर मुळीच नाही. माझे नाव कोणत्याही खोलीला देऊ नये, भिंतीवर फोटो लावू नये. ती भिंत पान्यांची आहे.

९. हे मृत्युपत्र कोणी कोर्टात आव्हान देऊन अडकवू पाहील, तर त्याने खुशाल यावे. आमच्या पोरांना लहान वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायची सवय आहे. या वेळी ती स्वतःसाठी चढतील आणि नीट कपडे करून येतील.

दुरुस्ती, आजच्या तारखेची. वरील मजकूर आज दुपारी मोठ्या खोलीत सगळ्यांसमोर वाचला. फरारीने हात वर करून विचारले, “बाई, मी खरंच पळाले तर?” मी सांगितले, “दार उघडं टाकून जा.” तिने मान खाली घातली आणि पाळणा हलवायला गेली. पाळण्यात बाळ नव्हते.

दुसरे साक्षीदार म्हणून कोपऱ्यावरचे औषधवाले यायचे ठरले होते. त्यांच्या नातीला मोठ्या शाळेत प्रवेश हवा आहे, तेव्हा ऐन वेळी त्यांची पाठ धरली. मी त्यांना दोष देत नाही, पण त्यांच्याकडून औषध घेणार नाही. साक्षीदार एकच उरला आणि अध्यक्षांना हा कागद बाजूला करायला तेवढे पुरले असते.

माझा मुलगा सकाळच्या गाडीने न सांगता आला होता आणि वाचन चालू असताना मागे दाराशी उभा होता. तो पुढे आला, कागद घेतला आणि बाकावर बसून पहिल्यापासून वाचला. सातव्या कलमावर फार वेळ थांबला. मग त्याने वकीलसाहेबांना विचारले, “मी सही केली तर चालेल?”

वकीलसाहेब म्हणाले, “तुम्हाला पेटी मिळते आहे ना. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष नको, म्हणून तर हा दुसरा कागद.”

तो म्हणाला, “मग पेटी काढा.”

मी म्हटले, “अरे, तुझ्या बाबांची आहे ती.”

“माहीत आहे, आई. काढ.”

त्याप्रमाणे सातव्या कलमातली पेटीची तरतूद रद्द करून ती पेटी फरारीला देते. माझ्या मुलाला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

स्थळ: गॅरेज, मोठी खोली.
दिनांक: ९ मार्च, सोमवार.

लिहून देणार: बाई (सही)

साक्षीदार पहिला: समोरच्या दवाखान्याच्या डॉक्टर (सही). आमच्यासमोर सही केली. बाई शुद्धीत आहेत.

साक्षीदार दुसरा: मुलगा (सही). सहीशेजारी लिहायचा इथला रिवाज आहे म्हणून लिहितो. मी हा कागद पूर्ण वाचला. चौथे कलम मला पटलेले नाही आणि पुढेही पटेलसे वाटत नाही. मात्र आईने हे सर्व पूर्ण शुद्धीत लिहिले आहे. ती मला कळायला लागल्यापासून अशीच आहे. कोणी वेगळे म्हटले तर मला बोलवावे, मी कोर्टात येऊन सांगेन.