गोदेवर थांबलेले विमान

स्वस्ति श्री औसादुर्गपरिसरभूषण, मार्केटयार्डमार्तंड, तूरडाळतत्त्वज्ञ, श्यालकशिरोमणी शंकरप्पा यांचे चरणी नांदेडहून पंचाक्षरीचा (वय एकोणपन्नास, वजन गोपनीय) शरणार्थ.

आपल्या गुडघ्याचे कुशल कळवावे. आपल्या भगिनी सौ. राजकन्या कुशल आहेत; यजमान विमान शिकतात हे त्यांनी गल्लीत अद्याप कोणास सांगितलेले नाही, यावरून त्यांच्या संयमाची कल्पना यावी.

आजच्या परीक्षेचा वृत्तान्त असा. विमानाचे नाक मर्यादेबाहेर वर गेले की हवा पंखांना सोडून जाते आणि यंत्र शाबूत असूनही विमान पडू लागते. उपाय एकच: नाक खाली करून वेग परत मिळवणे. परंतु पडणारा मनुष्य स्वभावतः विमानाचे नाक हलवणारा दांडा उराशी ओढतो. यापूर्वी मी दोनदा ओढला. तेव्हा माझ्या गुरू कॅप्टन जोहरा (वय सव्वीस) गरजल्या, "काका, हे विमान हाय, बसलेली म्हैस न्हाई! दावं वढून उठत नसतंय. तिसऱ्यांदा वढलं की शिकवणं बंद!"

आज गोदेवरील विष्णुपुरीच्या जलाशयावर तिसरी वेळ. मी नाक उचलले. इशाऱ्याची पिपाणी रडू लागली (तान्हे मूल दूरच्या विहिरीत रडावे तशी). मग वाऱ्याचा आवाज गेला. खाली पाण्यावर आमची ज्वारीच्या दाण्याएवढी सावली होती, तीही थांबली. कोणीतरी श्वास रोखून आपल्याकडे पाहत असावे, तशी ती शांतता. डावा पंख, खालून कोणी बोट धरून ओढावे तसा, हळूच कलला. आणि शंकरप्पा, या वेळी मी ओढले नाही! नाक झुकले, वारा परतला, विमान सावरले. जोहराबाई म्हणाल्या, "शाब्बास काका! सोमवारी एकटेच जावा."

अद्याप भूतलावर असलेला,
पंचाक्षरी

ता. क. पराक्रमात किंचित दुरुस्ती. खाली गोदामाई दिसताच, एसटी पुलावर आल्यावर जोडतो तसे मी दोन्ही हात जोडले होते. दांडा सुटला, विमानाने आपणहून नाक खाली केले. जोहराबाई पंखाकडे पाहत होत्या. त्यांना वाटते, मी शिकलो. कोण्या गुरूने आजवर दिलेले हे पहिले शाब्बास माझ्याने परत करवत नाही. सोमवारपूर्वी आपणच त्यांना फोन करून सत्य सांगावे. क्रमांक मागील पानावर आहे.

ता. क. २. एकट्याने उडताना शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा पट्टा घट्ट आवळून ठेवावा लागतो. आज सरावादाखल तीनदा आवळला. पाठ वळवून पुन्हा पाहावे, तर तीनही वेळा कोणी बसावे इतका सैल. दुरुस्ती पाहणारे व्यंकटी म्हणतात, "बकल चांगलंच हाय." लातूरहून नवे मागवण्यास ते तयार नाहीत.