टरबुजाच्या बेटाचं पान

१० जानेवारी १९९९, हैदराबाद

सरांनी आज माझ्या प्रबंधाचा विषय पक्का केला — बेटांच्या अर्थकारणात डिजिटल माध्यमांचं स्थान. ग्रंथालयात अंदमानचे आकडे आहेत म्हणाले. मी म्हटलं, सर, मी समुद्रच पाहिला नाही. बेट मात्र पाहिलंय! भीमपूरखाली पैनगंगा दुभंगते तिथलं, कुसुममामीचं. सर हसले. मग म्हणाले, तिथल्या टरबुजांचं इंटरनेटवर एक पान कर, मागणी येते का बघ. आणि खऱ्या बेटांवरच्या शाळा-कॉलेजांना पत्ता कळवून नऊ प्रश्न विचार.

२४ जानेवारी, भीमपूर

डोंग्यातून बेटावर गेले. टरबुजाचे वेल आत्ताच वाळूवर पसरायला लागलेत. पाच-सहा वर्षांची असताना इथेच खोपीत असायचे मी. मामा टरबुजावर टिचकी मारायचा आणि माझा कान लावायचा — पिकलेलं कोणतं, कच्चं कोणतं. माझं नेहमी चुकायचं. तो तरी मीच सांगितलेलं फोडायचा. कच्चं निघालं तरी दोघं खायचो. वाळूत तोंड धुवायला खड्डा खणायचा की लगेच पाणी! ओल्या वाळूचा तो वास अजून तसाच आहे.

मामी फोटोला तयार नव्हती. मग नवं लुगडं नेसून डोंग्याजवळ उभी राहिली. इंटरनेट म्हणजे काय ते सांगितलं, तर म्हणाली, "लांबचे लोक मले पायतीन, अन् मले ते दिसनार नाईत? हे कसं व?"

मी फोटो काढून घेतला.

३ मार्च, हैदराबाद

पान झालं. एक फोटो उमटायला चार मिनिटं लागतात. मामी वरून खाली येते — आधी डोकं, मग लुगडं, शेवटी डोंगा.

१९ मार्च

मागणी नाही. चौतीस ठिकाणी पत्ता पाठवला, एकाचंही उत्तर नाही. हे असंच राहिलं तर प्रबंधात लिहू काय?

२ एप्रिल



पोर्ट ब्लेअरहून उत्तर आलं. अकरावीतली मुलगी, वय पंधरा, नाव आशा. वडिलांचं भाजीचं दुकान. नऊच्या नऊ प्रश्नांची उत्तरं, अगदी नीट. खाली लिहिलंय — बाबा तुमच्याच बाजूचे, पण कधी काही सांगत नाहीत. शाळेत नेऊन त्यांना फोटो दाखवला तर ते खालीच बसले. ते विचारतात, डोंग्याजवळची बाई कुसुम आहे का? तिच्या कपाळावर कुंकू का नाही? आणि मथुरा नावाची त्यांची बहीण जिवंत आहे का? बाबांचं नाव धोंडीबा.

मथुरा म्हणजे माझी आई. धोंडीबा म्हणजे मामा! एक्क्याऐंशीच्या पुरात त्याचा डोंगा तीन कोसांवर सापडला, तो सापडला नाही. आई किती दिवस नदीकाठी जाऊन बसायची. मी तिच्या पदराला धरून.

११ एप्रिल, बेट

आईला काही न सांगता थेट मामीकडे आले. आशाच्या उत्तराचा कागद वाचून दाखवला. मामी टरबुजं तोडत होती, ती तोडतच राहिली. तिनं एवढंच विचारलं, की पोरगी किती वर्षांची. पंधरा, म्हटलं. मग विळा वाळूत रोवून बसली.

"तेरावं केलं मी त्याचं. आता मेलेल्या मानसाले काय लिवतं? त्या पोरीचा बाप तिच्यापाशीच राहू दे. माहा फोटू काढून टाक."

मी विचारलं, आणि आईला?

"मथुराबाईले सांगू नको. ते उद्याच निघन. अन् त्या पोरीले समदं समजन."

डोंग्यात बसले तेव्हा तिनं एक टरबूज माझ्या मांडीवर ठेवलं. माझा हात धरला होता, तो सोडायला तिला वेळ लागला.

२० एप्रिल, हैदराबाद

पान काढून टाकलं. आशाला लिहिलं — उत्तरांबद्दल आभार, फोटोतल्या बाईची मला माहिती नाही. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा खोडलं, चौथ्यांदा पाठवलं. सरांना सांगितलं, एकही उत्तर आलं नाही. सर म्हणाले, शून्य हाही निष्कर्षच असतो.

५ मे, भीमपूर

आईनं भाकर वाढताना विचारलं, "एवढ्या दूरदूर फोटू धाडला तू. आपल्याले कोनी पुसलं का व?"

नाही, म्हटलं.