परक्या कुळाची खूण

स्फाक्स, शुक्रवार

भगिनीश्रेष्ठ मोंजियाताईच्या सेवेशी, रक्तपरीक्षक बंधूचा सविनय सलाम.

वसंतात तुझ्या रक्तकर्करोगाचे निदान करताना मला एक विक्षिप्त दृश्य दिसले होते. मज्जाकुळातील त्या दुष्ट पेशी अंगावर लसिकापेशींची, म्हणजे रक्तपेशींच्या दुसऱ्याच कुळाची, खूण मिरवत होत्या. माझ्या सहायिकेला तर नमुन्यांची अदलाबदल झाल्याचा संशय आला. तू मात्र खाटेवरून म्हणालीस, "आपल्या घरात सरळ काही जन्मलंय का रे? तुझंच नाक बघ!"

नासिकेचा तो अवमान मी गिळला, कारण त्या विक्षिप्तपणाचा मला गुप्त आनंद झाला होता. सभ्य पेशींच्या गर्दीत असा परवेषधारी चोर चटकन ओळखू येतो. उपचारांनंतर एखादा दडून राहिलाच, तर त्याच खुणेने त्याला हुडकता येणार होते.

आज तुझ्या अस्थिमज्जेचा नवा नमुना आला. लाखो पेशी मी स्वतः चाळल्या. मग नाव झाकून सहकारी झुहैरला चाळायला लावल्या.

"कुणाचं आहे हे? स्वच्छ आहे की!" तो म्हणाला.

न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, हे शास्त्र मला मुखोद्गत आहे. तरीही मी जिन्यात जाऊन यथेच्छ रडलो.

नियमानुसार ही वार्ता उद्या तुझी डॉक्टर रीम तुला देईल, म्हणून हे पत्र खणातच राहील. तू तत्काळ मला फोन करशील. मी प्रथमच ऐकत असल्यासारखा थक्क होईन, आणि तू म्हणशील, "एवढा मोठा डॉक्टर, पण तुला कधी काही ठाऊकच नसतं!"

हे अज्ञान मला आजन्म शिरोधार्य आहे.

तुझा अनुज,
हादी