जास्तीच्या दोन जाळ्यांसंबंधी

मी, श्रीमती जयवंती अशोक गुळवणे, वय एकाहत्तर, बँकेतून निवृत्त, राहणार वेलचेरी, चेन्नई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शुद्धीवर असलेलं माणूस गोंधळलेलं असू शकतं का, असं मी डॉक्टरांना विचारलं, तर ते नुसते हसले. मी गोंधळलेली आहे. का, ते कलम चारमध्ये येईल.

कलम एक. राहता फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो माझी नात ऊर्मी हिला. पुराचं पाणी जिन्याच्या ज्या पायरीपर्यंत आलं होतं, तिथली खूण कोणी रंगवून पुसू नये.

कलम दोन. बँकेतल्या ठेवी ऊर्मीलाच. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा उन्मेष, याला माझ्या सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ. ते बंद आहे. मला माहीत आहे.

कलम तीन. शिलाईचं मशीन आणि मोठी कात्री शेजारच्या हरिणीला. आमचे हे संरक्षण कारखान्यात सीटकव्हरं शिवायच्या खात्यात होते. निवृत्तीनंतर आम्ही जुनी ओमनी घेतली, मागचं सीट काढून गादी टाकली आणि चेन्नईजवळ कोवलमला समुद्राकाठी झोपायला गेलो. काचा उघडल्या तर डासांनी फोडून काढलं, लावल्या तर उकडून जीव जायची वेळ. पुढच्या खेपेपर्यंत ह्यांनी खिडक्यांच्या जाळ्या केल्या. रीत लिहून ठेवते, कारण हरिणी ती विचारणारच. खिडकीवर वर्तमानपत्र दाबून धरायचं, अंगठ्याने कडा उमटवायची आणि दोन बोटं जास्त ठेवून कापायचं. जाळी काळीच घ्यायची, पांढरीतून बाहेरच्याला आतलं दिसतं. आमची तिरुवल्लिकेणीच्या बाजारातून आणलेली आहे. कडेने कापडी पट्टी शिवायची आणि पट्टीत वितीवितीवर एक लोहचुंबक. दाराच्या पत्र्याला लावली की टक् टक् करत चिकटते. चार खिडक्या, चार जाळ्या. त्या गाडीत मला जशी झोप लागली तशी पलंगावर कधी लागली नाही.

कलम चार. ओमनी आणि तिच्या चार जाळ्या. इथेच घोडं अडलं आहे. हे जाऊन तीन वर्षं झाली. नंतर माळा आवरताना पापडाच्या डब्यामागे आणखी दोन जाळ्या निघाल्या. त्या ओमनीला बसत नाहीत, एका टोकाला निमुळत्या आहेत. शिवाय प्रत्येक चुंबकावर मऊ फडक्याची टोपी शिवलेली. असं त्यांनी आमच्या जाळ्यांना कधी केलं नव्हतं आणि माप चुकेल असा हा माणूस नव्हता. मी खालच्या सगळ्या गाड्यांना त्या लावून पाहिल्या. रखवालदाराला मी चोर वाटले. कोणी दुसरी गाडीवाली होती की काय, असंही मनात येऊन गेलं. लाज वाटली, पण आलं हे खरं. तेव्हा लिहून ठेवते की ज्याच्या गाडीला या दोन जाळ्या नेमक्या बसतील, त्याला ओमनी द्यावी.

कलम पाच. घड्याळाबद्दल. सहा वर्षांपूर्वी उन्मेषने नवी गाडी घेतली. हे हौसेने वर्तमानपत्र घेऊन माप काढायला गेले. चार माणसांत तो म्हणाला, "बाबा, लांब व्हा! चुंबकाने चरे पडतील. आणि माझी मुलगी काय रस्त्यावर झोपणार आहे?" ह्यांनी कागदाची घडी घातली आणि घरी आले. बोलले ती मी. "माझी शपथ आहे, त्या गाडीकडे पुन्हा बघायचं नाही." तेव्हापासून माझं मुलाशी बोलणं कामापुरतं.

इथवर शनिवारी लिहिलं. पुढचं आज लिहीत आहे. आधीचं खोडत नाही, खाडाखोड दिसली की लोकांना शंका येते.

साक्षीदार व्हायला सांगताना मी हरिणीला सगळं समजावलं. ती म्हणाली, "मामी, उंग पैयन वंडीला पात्तींगळा?" मुलाच्या गाडीला लावून पाहिलंत का, म्हणे. मी म्हटलं, त्या गाडीला ह्यांनी बोटही लावलेलं नाही. तरी आज उन्मेष मला रजिस्ट्रारकडे न्यायला आला, तेव्हा पिशवीत जाळ्या घेऊन उतरले.

मागच्या दाराला जाळी धरली. टक् आवाज आला नाही. मला वाटलं, बसली नाही. हात काढला तर बसलेली होती, कडेला कड लावून. दुसऱ्या दारालाही तशीच. उन्मेष म्हणाला, "आई, बाबांनी माप कधी घेतलं?" मग त्याने जाळी उचलून खालच्या रंगावरून बोट फिरवलं. चरा नव्हता. तो तिथेच फरशीवर बसला आणि रडला. मीही रडले.

माप कधी घेतलं ते मला आठवलं. ऊर्मीच्या पाचव्या वाढदिवसाला भोवळ येते म्हणून हे उन्मेषच्या गाडीची किल्ली मागून जरा बसायला खाली गेले आणि तासभर आलेच नाहीत. शिवल्या, तर मग दिल्या का नाहीत, हे मला जिना चढेपर्यंत कळेना. पापडाच्या डब्यामागे उन्मेष कधी हात घालणार होता? त्या माझ्यापासून लपवल्या होत्या. शपथ मी घातली होती. ह्यांचा राग केव्हाच गेला होता आणि मी त्यांच्या नावाने तो सहा वर्षं सांभाळत बसले.

म्हणून शेवटचं कलम. ओमनी उन्मेषला, कलम चारप्रमाणेच, त्यात माझी मेहेरबानी नाही. फ्लॅट आणि ठेवी ऊर्मीच्या ऊर्मीला. घड्याळ मी दुरुस्तीला टाकलं आहे. रजिस्ट्रारकडे आज गेलो नाही, उद्या जाऊ. आज ऊर्मीला घेऊन आम्ही तिघं कोवलमला झोपायला जात आहोत, उन्मेषच्या गाडीतून.

साक्षीदार: हरिणी, शेजारीण. (सही)
साक्षीदार: व्यंकटेश, सोसायटीचे सेक्रेटरी. (सही)
दोघांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली.

जयवंती अशोक गुळवणे (सही)
वेलचेरी, चेन्नई. रविवार, १६ फेब्रुवारी २०२५.

ता. क. रविवारी रजिस्ट्रारचं ऑफिस बंद असतं, हे व्यंकटेशने सही करताना सांगितलं. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली आणि मला ते सुचलं नाही. उन्मेषला माहीत होतं. तरी तो आला होता.